आकडीतली कोयती : बळाच्या वापराच्या प्रसंगाधारित प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

प्रकल्पाचे प्रत्यक्ष काम आज सुरू झाले, म्हणून नोंदवहीही आजपासूनच उघडत आहे. जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील ठाण्यांत बीटवर काम करणारे शिपाई, हवालदार आणि सहायक फौजदार यांना बळाचा वापर कधी करायचा, किती करायचा आणि कधी करायचाच नाही, हे प्रसंग उभे करून शिकवायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. आजवर या विषयाचे शिक्षण आमच्याकडे दोन ठिकाणी वाटले गेले आहे. लाठी आणि गोळीबाराचा सराव मैदानावर होतो, कलमे वर्गात शिकवली जातात. रात्री अकरा वाजता भर पावसात, एखाद्या वाडीच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, उभे राहून निर्णय घ्यावा लागतो तेव्हा या दोन्हींची सांगड एकट्या माणसाला घालावी लागते, आणि त्या क्षणाचा सराव त्याने कधीच केलेला नसतो.

ग्रामीण बीटचा एक विशेष आताच लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे नियोजन त्यावर अवलंबून आहे. शहरात मदत मागितली की काही मिनिटांत दुसरी गाडी येते. आमच्याकडे ठाण्याची गाडी घाटी उतरून, खाडीला वळसा घालून येईपर्यंत पाऊण तास सहज जातो. तोपर्यंत त्या जागी एक हवालदार, फार तर एक होमगार्ड आणि गावचा पोलीस पाटील एवढेच असतात. त्यामुळे वेळ काढणे ही आमच्या माणसाची पहिली गरज आहे, आणि ती प्रशिक्षणात कुठेही शिकवली जात नाही.

२० जून

मागवलेली पडद्याची यंत्रणा बसवून झाली. पडद्यावर चित्रफीत चालते. प्रशिक्षणार्थीच्या हातातील पिस्तुलातून गोळीऐवजी लेसरचा किरण निघतो, तो कुठे लागला ते कॅमेरा टिपतो, आणि निर्देशक प्रशिक्षणार्थीच्या बोलण्या-वागण्याप्रमाणे प्रसंगाची पुढची शाखा कळफलकावरून निवडतो. यंत्रणा उत्तम आहे, तिच्यातले प्रसंग मात्र परदेशातले आहेत. सहापदरी रस्त्याकडेला थांबवलेली मोटार, दुकानासमोरचे मोकळे वाहनतळ, शाळेची लांबलचक मार्गिका अशी सगळी ठिकाणे आहेत आणि प्रत्येक प्रसंगात पोलिसाच्या कमरेला पिस्तूल गृहीत धरलेले आहे. आमच्या बीट अंमलदाराच्या हातात बहुतेक वेळा लाठी आणि विजेरी असते.

चाचणीसाठी चार जणांना उभे केले. पडद्यावर पाते हातात घेतलेला माणूस दिसताच चौघांनीही गोळी झाडली. त्यांना मी दोष देत नाही, कारण हातात पिस्तूल दिले, समोर पाते दाखवले आणि निवड दोनच गोष्टींतली ठेवली की उत्तर ठरल्यासारखेच असते. या प्रसंगांच्या मागे १९८३ साली साल्ट लेक सिटीतील डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकाने मांडलेला सराव आहे : सुरा घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापू शकतो, आणि पिस्तूल काढून नेम धरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. अंतराचे भान यावे यासाठी तो सराव होता. पुढे तो ‘२१ फुटांचा नियम’ म्हणून पसरला आणि त्या अंतराच्या आत आलेल्या पात्यावर गोळी चालवणे योग्यच, असा त्याचा अर्थ लोक लावू लागले.

हा अर्थ आमच्या भागात आणला तर काय होईल, याचा विचार करून मी अस्वस्थ झालो. कोकणात पाते बाळगणारा माणूस हा रोजचा माणूस आहे. नारळ पाडणारा, बागेतले रान तोडणारा, बांधावरून गुरांसाठी पाला आणणारा, प्रत्येकाच्या कमरेला मागे आकडी असते आणि आकडीत कोयती अडकवलेली असते. हीच माणसे ओळीने तिठ्यावर चहा पीत बसतात. त्यांच्याकडे धोका म्हणून पाहायला शिकवणे हा अन्याय ठरेल, आणि कोयती धोकादायक होऊच शकत नाही असे शिकवणे हा माझ्याच माणसांच्या जिवाशी खेळ ठरेल. परदेशी प्रसंग बाजूला ठेवून आपलेच प्रसंग चित्रित करायचे, असे आज ठरवले.

२७ जून

आजचा दिवस कायद्याला दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी जुन्या हवालदारांच्या तोंडी अजून फौजदारी प्रक्रिया संहितेचेच आकडे असतात. म्हणून पाठांतर सोडून आशयावर भर दिला. नव्या संहितेच्या कलम ४३ नुसार अटकेला जबरीने प्रतिकार झाल्यास अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात, परंतु ज्याच्यावर मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाला पात्र गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार त्या कलमाने मिळत नाही. कलम ४६ नुसार पळून जाणे रोखण्यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालता येत नाही. भारतीय न्याय संहितेतील खासगी बचावाचा हक्कही बचावापुरत्याच इजेची मुभा देतो. ‘आवश्यक’ हा शब्द सगळीकडे येतो, आणि काय आवश्यक आहे हे त्या क्षणी ठरवण्याचा सराव देणे एवढेच आमचे काम आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हवाना येथील परिषदेत स्वीकारलेल्या बळाच्या वापराविषयीच्या तत्त्वांतील विसावे तत्त्व मन वळवणे, वाटाघाट आणि जमावाचे वर्तन समजून घेणे हे पोलीस प्रशिक्षणाचे विषय मानते. आमच्या वेळापत्रकात त्यांना आजवर एकही तासिका नव्हती.

३ जुलै

चित्रीकरणाचा पहिला दिवस. भूमिकांसाठी जवळच्या गावातील नमन (कोकणातील लोकनाट्य) मंडळातील कलाकार बोलावले होते आणि ही निवड योग्य ठरली. संहिता पाठ करून बोलणारा नट आम्हाला नको होता. समोरच्याचे वाक्य ऐकून त्याला त्याच स्वभावात उत्तर देणारा माणूस हवा होता, आणि नमनात सोंग घेऊन रात्र रात्र उभे राहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. एक जुने घर मिळाले आहे. पुढे खळे म्हणजे अंगण, मग ओटी, बाजूला पडवी, आत माजघर, मागे विहिरीकडे उघडणारे दार, आणि बाहेर जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत. पाखाडी इतकी अरुंद आहे की दोन माणसे एकमेकांना खांदा लावूनच जातात. या घरात २१ फुटांचे अंतर खळ्याखेरीज कुठेही मिळत नाही.

आज एक गंभीर चूक झाली आणि ती माझी आहे. प्रसंगाच्या जागेत खरे शस्त्र येऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक पोलिसाची तिघांकडून वेगवेगळी तपासणी करून घेतली. लाकडी कोयत्या वाटल्या, त्यांना पिवळी फीत बांधली. दोन तास चित्रीकरण झाले. चहाच्या वेळी मुख्य भूमिकेतला कलाकार ओटीवर बसायला वळला, तेव्हा त्याच्या पाठीशी, सदऱ्याखाली, आकडीत त्याची स्वतःची खरी कोयती मला दिसली. तो सकाळी बागेतून थेट आला होता. हातात लाकडी आणि कमरेला पोलादी कोयती घेऊन तो दोन तास आमच्या माणसांशी झटापट करत होता, आणि तपासणी करणाऱ्या तिघांपैकी, माझ्यासह, एकालाही ती दिसली नाही. त्यालाही ती आठवली नव्हती. चष्मा जसा नाकावर विसरतो तशी ती होती, असे तो म्हणाला आणि फार ओशाळला.

त्याला समजावून घरी पाठवले आणि चित्रीकरण थांबवले. यापुढे चहा घेऊन येणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येक माणसाची तपासणी होईल आणि ती पाठीकडून सुरू होईल. परक्या प्रसंगात पात्यावर तात्काळ गोळी सुटते आणि आपल्या ओळखीच्या माणसाच्या कमरेचे पाते आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. या दोन्ही चुकांच्या मधला सराव आम्हाला द्यायचा आहे : पाते आहे हे दिसले पाहिजे, आणि मग ते आकडीत आहे की हातात, हात सैल आहे की आवळलेला, माणूस आपल्याकडे पाहतो आहे की आपल्या पलीकडे, हे पाहता आले पाहिजे.

९ जुलै

मुख्यालयाच्या शेडवर पत्रे आहेत. आज पाऊस असा कोसळला की ध्वनिवर्धकातून येणारे एकही वाक्य ऐकू येईना. आमच्या तंत्रज्ञाने सराव पुढे ढकलण्याचे सुचवले. मी तो चालू ठेवायला सांगितले, कारण प्रत्यक्षातही असाच पाऊस असतो आणि असेच पत्रे असतात.

याचे खरे कारण जुने आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका रात्री, मी “थांब” म्हणून तीनदा ओरडलो आणि न थांबलेल्या माणसाच्या दंडावर लाठी मारली. तो मुद्दाम ऐकत नाही असे मला वाटले. त्याला ऐकूच येत नव्हते, हे त्याच्या मुलीने दारात येऊन सांगितले. चौकशीत माझे काही झाले नाही. त्या मुलीचा चेहरा मात्र मला अजून दिसतो. म्हणून प्रत्येक प्रसंगात आता एक शाखा अशी ठेवली आहे की समोरच्याला ऐकू आलेलेच नाही, आणि निर्देशक ती कोणतीही पूर्वसूचना न देता निवडू शकतो. प्रशिक्षणार्थीने विजेरीचा झोत स्वतःच्या गणवेशावर टाकून, तळहात दाखवून तेच सांगितले तर प्रसंग निवळतो.

१५ जुलै

पहिल्या तुकडीचा दिवस. प्रसंग असा : जमिनीच्या हद्दीवरून भावाशी भांडलेला माणूस खळ्यात कोयती हातात घेऊन उभा आहे, भाऊ माजघरात दार लावून बसला आहे, बीटचा हवालदार एका होमगार्डसह पाखाडीने वर येतो. हा प्रसंग पडद्यावर न करता कलाकारासह प्रत्यक्ष घरात केला.

पहिल्या तीन जोड्यांचे साधारण सारखेच झाले. गडग्याच्या आत येताच मोठ्या आवाजात हुकूम, दोघांचे एकाच वेळी बोलणे, लाठी वर, आणि मग कलाकार चिडला की झटापट. एका जोडीने ‘कोयती टाक’ हे वाक्य मिनिटभरात नऊ वेळा म्हटले. चित्रफीत पाहिल्यावर त्यांचे त्यांनाच ते लक्षात आले.

चौथ्या जोडीतले हवालदार निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले आहेत. ते गडग्याच्या बाहेरच थांबले. होमगार्डला हाताने मागच्या दाराकडे जायची खूण केली. स्वतः गडग्यावर कोपर टेकवले, टोपी काढून पाणी झटकले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “भाऊ, पुरता भिजलोय. ओटीवर जरा टेकू काय?” कलाकाराला आम्ही दिलेल्या सूचनांत याचे उत्तर नव्हते. त्याने क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “टेका की. घर काय एकट्याचं हाय?” त्या वाक्यासरशी भांडणाचा विषय त्याच्याच तोंडून बाहेर आला. हवालदार ओटीच्या कडेला बसले. हद्दीचा दगड कुणी हलवला, मोजणी कधी झाली, आई कुणाकडे जेवते, असे विचारत राहिले. अकराव्या मिनिटाला त्यांनी प्यायला पाणी मागितले. कलाकार पाणी आणायला वळला आणि वळताना त्याने कोयती आकडीत अडकवली. कुणीही त्याला ती टाकायला सांगितले नव्हते.

पाहणाऱ्यांपैकी कुणी काही बोलले नाही. मी कलाकाराला बाजूला घेऊन विचारले की कोयती का ठेवलीस. तो म्हणाला, तांब्या धरायला हात मोकळा हवा होता.

१६ जुलै

कालच्या प्रसंगावर निर्देशकांत दोन तास वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ओटीवर बसणे ही धोक्याची चूक होती. बसलेल्या माणसाला मागे सरकता येत नाही, कलाकार दोन पावलांवर होता, आणि हे पाहून तरुण शिपाई तेच करायला गेला तर त्याचा जीव जाईल. त्यांचे बरोबर आहे. माझे म्हणणे असे की बसण्यापूर्वी गडग्याबाहेर त्यांनी जो वेळ घेतला तो शिकवण्याचा भाग आहे : मध्ये कमरेएवढी भिंत, होमगार्ड मागच्या दाराशी, एकानेच बोलणे, आणि पहिल्या वाक्यात हुकूम नसणे. बसणे त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवाचे होते, गडगा मात्र सगळ्यांनाच उपलब्ध आहे. शेवटी असे ठरले की बोलणे गडग्याबाहेरूनच करायचे आणि आत जाण्याचा निर्णय कोयती हातातून गेल्यानंतर घ्यायचा. हवालदारांना हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे मान्य केले.

अमेरिकेतही विचार याच दिशेने गेला आहे. तेथील पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेने २०१६ साली अंतर, आडोसा, वेळ आणि संवाद यांवर आधारलेला अभ्यासक्रम तयार केला. लुईव्हिल शहरात त्याची पाहणी झाली तेव्हा बळाच्या वापराच्या घटनांत सुमारे २८ टक्के घट आढळली आणि पोलिसांना होणाऱ्या इजाही कमी झाल्या. तिथली आणि इथली परिस्थिती वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे आमचे मानता येणार नाहीत. पण माघार घेतल्याने पोलीस दुबळा होतो, या समजुतीला त्यातून उत्तर मिळते. आमच्या यंत्रणेत ‘मागे सरून थांबणे’ हा मान्य शेवट नव्हता, तो आज जोडला.

२२ जुलै

मनोरुग्णाचा प्रसंग. दोन जोड्यांना एकच प्रसंग दिला, पण ठाणे अंमलदाराचा संदेश वेगळा ठेवला. एका जोडीला सांगितले, “वेडा इसम कोयता घेऊन फिरतोय.” दुसरीला सांगितले, “एक माणूस गोंधळलेला दिसतो, बडबडतो आहे, हातात कोयती आहे, कुणाला इजा नाही.” पहिली जोडी लाठ्या उगारूनच आत आली. दुसरी जोडी आधी गर्दी हटवायला लागली. वायरलेसवरच्या शब्दाने पोलिसाचा निर्णय बदलतो, हे परदेशात सिम्युलेटरवरच्या अभ्यासांतही दिसले आहे. ठाणे अंमलदारांनाही या प्रशिक्षणात घ्यावे, अशी शिफारस आजच लिहून पाठवली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १०० बहुतेकांना ठाऊक नव्हते. अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेतल्यावर चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. आमच्या सुदैवाने राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, आणि टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक कुटुंबालाही देता येतो. मेम्फिस शहरात १९८७ साली सुरा घेतलेल्या एका मनोरुग्णाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला आणि त्यातून १९८८ साली संकटकालीन हस्तक्षेप पथकांची पद्धत उभी राहिली, हे मी तुकडीला सविस्तर सांगितले. सगळ्यांनी मन लावून ऐकले, कारण प्रत्येकाच्या बीटमध्ये असा एक तरी माणूस आहे आणि त्याला ते नावाने ओळखतात.

३० जुलै

प्रसंग संपताच प्रत्येकाने स्टेशन डायरीची नोंद लिहायची आणि मग चित्रफितीशी ताडून पाहायची, असा सराव आज केला. जवळपास सगळ्या नोंदींत एकच वाक्य होते : “योग्य त्या बळाचा वापर करून ताब्यात घेतले.” हे वाक्य मीही आयुष्यभर लिहिले आहे. कोणी काय केले, कुठे लागले, आधी काय बोलले, काहीच त्यातून कळत नाही, आणि न्यायालयात उलटतपासणीत ते लिहिणाऱ्यालाही वाचवत नाही. एका महिला शिपायाने लाठीचा एकच फटका लिहिला होता, चित्रफितीत तीन होते. ती खोटे बोलत नव्हती, तिला खरोखर एकच आठवत होता. ताणात स्मरण असे तुटते हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या नोंदीत तिने “मला एक आठवतो, सोबतीने तीन पाहिले” असे लिहिले. इतकी प्रामाणिक नोंद मी बऱ्याच दिवसांत वाचलेली नाही.

६ ऑगस्ट

ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी आले होते. पालथे पाडलेल्या माणसाच्या पाठीवर गुडघा ठेवून दाब दिल्यास छाती फुलत नाही आणि श्वास कोंडतो, हे त्यांनी दोन शिपायांनाच खाली झोपवून, अगदी हलक्या दाबाने दाखवले. हात बांधून होताच कुशीवर वळवायचे, मग उठवून बसवायचे. धडपड वाढली म्हणजे प्रतिकारच वाढला असे नाही, तो माणूस श्वासासाठीही धडपडत असतो.

१२ ऑगस्ट

जेटीवरचा प्रसंग : पारंपरिक मच्छीमारांनी एलईडी दिवे लावून मासेमारी करणारी नौका अडवून आणली आहे, खलाशी खाली उतरायला घाबरत आहेत आणि जमाव वाढतो आहे. पडद्यावर हा प्रसंग नीट उभा राहिला नाही, म्हणून जेटीवर खडूने आखून माणसे उभी करून केला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत उपनिरीक्षकापेक्षा कमी नसलेला अधिकारीच देऊ शकतो. म्हणजे आधी पोहोचलेल्या हवालदाराचे काम जमाव पांगवण्याचे नसते. आणि जेटीला तीन बाजूंनी पाणी असते. जमिनीकडून रेटा दिला तर शेवाळलेल्या दगडावरून माणसे थेट पाण्यात जातील. आजची तुकडी आधी तिथेच चुकली आणि तीन जण खडूच्या रेषेबाहेर गेले. दुसऱ्या खेपेला हवालदाराने मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाची भूमिका करणाऱ्याला बाजूला घेतले, जमिनीकडची वाट मोकळी ठेवली आणि खलाशांना नौकेतच बसवून ठेवले. उपनिरीक्षक येईपर्यंत एवढेच पुरेसे होते.

२१ ऑगस्ट

२७ तारखेला गणेशचतुर्थी आहे. उद्यापासून सगळे मनुष्यबळ महामार्गावरच्या आणि रेल्वे स्थानकांवरच्या बंदोबस्ताला जाईल, त्यामुळे अनंत चतुर्दशीपर्यंत वर्ग बंद राहील. राहिलेल्या गोष्टी अशा : शिमग्यातील पालखीच्या मानावरून होणाऱ्या वादाचा प्रसंग लिहायचा आहे, ठाणे अंमलदारांच्या शिफारशीला अजून उत्तर आलेले नाही, आणि दमट हवेने प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरू लागली आहे. माघारीच्या शेवटाबाबत माझे सहकारी अजून पूर्ण सहमत नाहीत, आणि त्यांची शंका मी खोडून काढू शकलेलो नाही. एकट्या शिपायाने मागे सरून थांबल्यावर माजघरात अडकलेल्या माणसाचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी दुसरी शाखा लिहावी लागेल, ज्यात आतून हाक येते आणि थांबण्याचा पर्याय उरत नाही.

संध्याकाळी ते ज्येष्ठ हवालदार मुख्यालयात आले होते. बंदोबस्तात रात्रीचे दोन तास रिकामे मिळतात, तेवढ्यात आपल्या ठाण्याच्या होमगार्डना गडग्याचा प्रसंग करून दाखवतो, असे म्हणाले. साहित्य नोंदवहीत लिहून दिले : लाकडी कोयत्या दोन, आकडीसह, पिवळी फीत बांधलेल्या. परत करण्याची तारीख ८ सप्टेंबर.